विहिरीचं पाणी आणि प्रभूचं मेज

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सगळ्यांना नमस्कार, सलाम आणि जयभीम. तिन्ही एकदम म्हणतोय, कारण समोर तिन्ही प्रकारची मंडळी बसली आहेत. आणि खरं सांगू का, आमच्याकडे कधी कधी एकाच घरात हे तिन्ही शब्द चालतात.

मला विषय दिलाय, ‘ख्रिस्ती मंडळी आणि माणसाची ओळख’. ‘मंडळी’ या शब्दाचा खुलासा आधी करतो, कारण सगळेच चर्चला जाणारे नाहीत. मराठी ख्रिस्ती माणूस ‘आमची मंडळी’ म्हणतो तेव्हा तो बायकोबद्दल बोलत नसतो! एका ठिकाणी उपासनेला जमणारा, एकमेकांच्या सुखदुःखाला बांधलेला जो समुदाय, ती मंडळी. इमारत म्हणजे चर्च, माणसं म्हणजे मंडळी.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. बारावी झालेला, हातात प्रवेशाचा अर्ज. म्हणाला, “सर, धर्माच्या रकान्यात ख्रिश्चन लिहितो. पण जातीच्या रकान्यात काय लिहू?” आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जात होती. वडिलांच्या दाखल्यावर नुसतं ‘ख्रिश्चन’. मुलाचं बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं दुसरं. म्हणाला, “मग मी आहे तरी कोण?”

मी चटकन उत्तर दिलं, “बाळा, तू देवाचं लेकरू आहेस.” इतकी वर्षं उपदेश ऐकलेत, काही स्वतःही केलेत, ते तोंडात तयारच असतं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ते मला माहीत आहे सर. रकान्यात काय लिहू?”

आज मी जे बोलणार आहे ते त्या मुलाला धरून आहे. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं कुठं सापडतं ते शोधायला वळसंगसारखी जागा नाही, कारण इथं एक विहीर आहे.

तुम्हा गावकऱ्यांना मी काय सांगणार! पण हे व्याख्यान बाहेरचेही ऐकणार आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. गावच्या पाणवठ्यावर अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हतं, तेव्हा इथल्या दलित समाजानं स्वतः खपून विहीर खोदली. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर इथं आले आणि त्या विहिरीचं पाणी प्याले. ती विहीर इथल्या लोकांनी जपली आहे. आता बघा, त्या दिवशी कुणी ‘तुम्ही कोण’ यावर भाषण ऐकलं म्हणून लोकांची मान वर झाली असेल का? मला नाही वाटत. आपण खोदलेल्या विहिरीचं पाणी आपला माणूस आपल्यासमोर प्याला, त्यानं ती वर झाली. ओळख अशी हातातून, घशातून आत उतरते.

बायबलमध्येही एक विहीर आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. येशू शोमरोनातून चाललाय, दुपारची वेळ, दमून याकोबाच्या विहिरीवर बसलाय. एक शोमरोनी बाई पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्यातलं पाणी तर दूरच. आणि येशू तिच्याकडं प्यायला पाणी मागतो. आपण या अध्यायावर प्रवचन करताना लगेच पुढं जातो, जिवंत पाणी, सार्वकालिक जीवन वगैरे. जरा थांबा. तो आधी मागतो. ‘मी तुला पाणी देतो’ हे नंतर येतं, ‘तुझ्या हातचं पाणी दे’ हे अगोदर. ती बाई चकित होते ती पहिल्या वाक्यानं. देणारा होणं सोपं असतं हो. ज्याला जगानं बाटलेला ठरवलाय त्याच्या हातचं मागून घेणं अवघड.

आता आपल्या मराठी मुलखात या. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं, १८३१ साली ते अहमदनगरला पोचलं आणि पुढं सोलापूर भागात आलं. या मंडळ्यांत बहुतेक माणसं महार-मांग समाजांतली. थोडे ब्राह्मण. नगरचे हरिपंत खिस्ती घ्या, एकोणिसाव्या शतकातला ब्राह्मण माणूस, ख्रिस्ती झाला. त्याची खरी परीक्षा बाप्तिस्म्यात नव्हती. बाप्तिस्मा एकदाच होतो, आणि एकट्याचा होतो. परीक्षा होती प्रभुभोजनाची. एक भाकर मोडायची, एका प्याल्यातून प्यायचं, आणि शेजारी कालपर्यंत ज्याची सावली चालत नव्हती तो माणूस. ‘सगळे देवाची लेकरं’ हे वाक्य तिथं तोंडातून पोटात जायचं.

हे किती जड जात असेल ते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचा. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. परत आल्या त्याही आपलं सोवळं घेऊन, वेगळी चूल, वेगळं पाणी. नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही, हे टिळकांचं मोठेपण. मग हळूहळू बाईंचं मनच वळलं. मला यातलं काय आवडतं सांगू? त्या कुठंही असा आव आणत नाहीत की एका रात्रीत प्रकाश पडला. स्वतःच्या ओकारीला, स्वतःच्या हट्टाला त्या मनमोकळ्या हसतात. माणूस मंडळीचा होतो तो असा, सवयी मोडत मोडत.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी. ही गोष्ट सगळीकडं साधली असं मुळीच नाही. जात चर्चच्या दारात चपलांसारखी काढून ठेवली जात नाही. महार-मांग भेद मराठी मंडळ्यांत राहिला. दक्षिणेत तर कित्येक चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या आणि दफनभूमीही वेगळ्या होत्या. पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या शतकातच झापलं होतं, की तुम्ही प्रभूचं भोजन म्हणून जमता आणि आधी येणारे खाऊन घेतात, गरीब उपाशी राहतो. म्हणजे रोग जुना आहे. औषधही तितकंच जुनं आहे, पण ते घेतलं पाहिजे ना!

आता माझ्या व्याख्यानाच्या मुख्य जागेवर येतो. वळसंगच्या भेटीला वर्ष होत नाही तोच, १ जानेवारी १९३८ला, सोलापुरात बाबासाहेब ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. अध्यक्ष होते रेव्हरंड गंगाधर जाधव. भाषण नंतर ‘ज्ञानोदया’त छापून आलं. येवल्याची धर्मांतराची घोषणा होऊन दोनच वर्षं झालेली, त्यामुळं सगळ्यांचे कान टवकारलेले असणार, की आता हे आपल्याकडं येतात की काय.

ते काय बोलले? धर्मांतरासाठी आपण बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींचा विचार करतो, असं म्हणाले. ख्रिस्ती श्रोत्यांना बरं वाटलं असेल. पण पुढं त्यांनी सरळ कान धरला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश माझ्या शब्दांत सांगतो. मिशनऱ्यांना वाटतं, अस्पृश्याला ख्रिस्ती केला की आपलं काम संपलं. त्याच्या राजकीय हक्कांकडं ते बघत नाहीत. अस्पृश्य मुलाला शिष्यवृत्ती मिळते. तोच मुलगा ख्रिस्ती झाला की ती बंद होते, घरची गरिबी मात्र तशीच. तुमच्यात शेकड्यांनी मुलंमुली मॅट्रिक झालेली आहेत, पण मुलगी नर्स झाली, मुलगा मास्तर झाला की ते आपापल्या संसारात. या अन्यायाविरुद्ध तुम्ही आवाज उठवत नाही. आमची माणसं अडाणी आहेत, पण चळवळीत आहेत.

हे ऐकताना मला वर्मावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. माझ्याच घरात मास्तर आणि नर्स दोन्ही होते. रविवारी न चुकता चर्च, नाताळला नवे कपडे, घर स्वच्छ, मुलं शिकलेली. आणि बाहेरच्या जगाचं? ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य मी लहानपणी जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा प्रभूची प्रार्थनासुद्धा ऐकली नसेल.

आणि पुढं काय झालं? १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींची यादी आली. त्यात मुख्यतः हिंदूंनाच धरलं. १९५६ साली शिखांचा समावेश झाला, १९९० साली बौद्धांचा. दलित ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. प्रश्न अनेक वर्षं न्यायालयात आणि आयोगांपुढं आहे. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात गणतात. त्या मुलाच्या रकान्याचं उत्तर हे होतं. पण ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं! मंडळीत चाळीस वर्षं काढलेला माणूस मी, कागद विचारल्यावर वचन सांगून मोकळा झालो.

यावर काही भाविक मंडळी मला म्हणतात, सर, चर्च ही आत्म्याची गोष्ट आहे, त्यात राजकारण आणू नका. मला त्यांचं म्हणणं समजतं. मंडळीत माणूस शांतीसाठी येतो. आठवडाभर मुकादमाच्या, मालकाच्या शिव्या खाल्लेला माणूस रविवारी पांढरा शर्ट घालून येतो आणि तिथं त्याला कुणी ‘वडील’ म्हणून मान देतं, पवित्रशास्त्र वाचायला उभं करतं. हे लहान नाही. ज्याला गावात कुणी नावानं हाक मारत नव्हतं त्याला मंडळीनं नाव दिलं, वाचायला शिकवलं, गायला लावलं. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आपल्याच चालींत आणि आपल्याच भाषेत. हे सगळं मी मानतो. माझ्या वडिलांच्या मयताला खांदा द्यायला जी माणसं आली ती नात्यागोत्यातली नव्हती, मंडळीतली होती. आपलेपणा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, पुस्तकातनं नाही.

पण याच आपलेपणाचं कुंपण होतं. मी एका मंडळीत होतो, नाव घेत नाही. तिथं पंचांची निवड होती. रात्री घराघरांत बैठका. कुणी कुणाला मत द्यायचं ते आडनावांवरून ठरलं. मीही एका बैठकीला गेलो होतो, आणि गप्प बसलो. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. प्याला हातात आला तेव्हा हात जड झाला. मी प्यालो. खरं तर त्या दिवशी मी परत द्यायला हवा होता.

टिळकांना हे कुंपण फार आधी दिसलं होतं. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत अशी कल्पना. १९१९ साली ते वारले, त्यामुळं हा प्रयोग त्यांच्या हातून पुरा झाला नाही. काही लोक याला कवीचा लहरीपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. अनेक वर्षं मंडळीत राहिलेल्या माणसानं विचारलेला तो प्रश्न आहे, की ही पंगत नेमकी कुणाची, आमची की त्याची? आमची असेल तर यादी करा. त्याची असेल तर आपण वाढपी.

तो मुलगा आता पुण्याला नोकरी करतो. महिन्यातून एकदा गावी येतो. उपासना सुटली की चर्चच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसतो, समोर लॅपटॉप. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, कुठला कागद कुठं लावायचा ते सगळं त्याला पाठ झालंय. सुरुवातीला मंडळीतलीच मुलं यायची. आता शेजारच्या वस्तीतली येतात, त्यात बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, लिंगायत घरातली एक मुलगी दर वर्षी येते. एका सल्लागारांनी हरकत घेतली, की चर्चची वीज वापरली जाते. पाळकसाहेबांनी हसून सांगितलं, बिल माझ्या पगारातून कापा. अजून कापलेलं नाही.

मागच्या महिन्यात मी तिथं बसलो होतो. एका बाईनं अर्ज भरून झाल्यावर त्याला विचारलं, “दादा, तुम्ही कोण लोक?” जात विचारत होती ती, आपल्याकडं असंच विचारतात. तो म्हणाला, “इथलाच आहे मावशी, या चर्चचा.” आणि पुढच्या मुलाचा दाखला हातात घेतला.

आता प्रश्न असतील तर घेऊ या. मागं बसलेल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.