पाटी जुनी, मालक नवा

आपल्याकडे तालुक्याच्या गावी कुणी गेलं की पहिला निरोप आळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाकडे जातो. तिरडी कशी बांधायची, मर्तिकाचं सामान अपरात्री कोण काढून देईल, स्मशानात लाकडांसाठी कुणाला सांगायचं, हे त्याला ठाऊक असतं. त्याचे पैसे तो घेत नाही. अमेरिकेतल्या छोट्या गावांत हेच काम एकेका घराण्याचा धंदा झालं. तिथल्या फ्युनरल होमच्या पाटीवर आडनाव असतं, आणि आजोबांना ज्यांनी पोचवलं त्यांच्याच नातवाकडे आपल्या वडिलांना न्यायचं, असा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालतो. या शिरस्त्याची किंमत किती, हा प्रश्न १९९५ साली मिसिसिपी राज्यातल्या एका न्यायालयात उभा राहिला. त्यामागे ओकीफ घराण्याचा इतिहास आहे.

मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर ओशन स्प्रिंग्ज हे छोटं गाव आहे. आयर्लंडहून आलेलं हे कुटुंब तिथे स्थिरावलं. त्यांचा तबेला होता. घोडे आणि गाड्या भाड्याने जात. त्या काळी अंत्ययात्रेचा धंदा साधारण दोन वाटांनी सुरू होई. सुतार शवपेट्या करता करता पुढचं सगळं अंगावर घेई, नाही तर तबेलेवाला शववाहिका पुरवता पुरवता. ओकीफ दुसऱ्या वाटेचे. पेढी आपली सुरुवात १८६५ पासून मोजते.

त्याच वर्षी लिंकन यांचा खून झाला. रसायनं भरून टिकवलेला त्यांचा देह वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत जवळजवळ दोन आठवडे रेल्वेने नेण्यात आला आणि वाटेत लाखो लोकांनी तो पाहिला. यादवी युद्धात दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पोचवण्यासाठी वापरात आलेली ही युक्ती त्या प्रवासाने घरोघर माहीत झाली. शवलेपन घरच्या माणसांना जमणारं नव्हतं, आणि इथेच काम शेजाऱ्याच्या हातून सुटून धंदेवाल्याकडे गेलं. पुढे अंत्यदर्शनही राहत्या घराच्या दिवाणखान्यातून त्याच्या जागेत हललं. मृत्यूची सगळी व्यवस्था एकाच छपराखाली आली.

जेरेमाया ओकीफ यांचा जन्म १९२३ चा. दुसऱ्या महायुद्धात ते मरीन दलाचे वैमानिक होते. ओकिनावाच्या लढाईत २२ एप्रिल १९४५ या एका दिवसात त्यांनी पाच जपानी विमानं पाडली. परत येऊन त्यांनी घरचा धंदा वाढवला, तेरा मुलांचा संसार केला, आणि १९७३ ते १९८१ या काळात शेजारच्या बिलॉक्सी शहराचे ते महापौर होते. जोडीला त्यांनी दफन-विम्याची कंपनी चालवली. दक्षिणेतल्या गरीब घरांत, विशेषतः कृष्णवर्णीय वस्त्यांत, हा विमा फार मोठा आधार होता. एजंट दारोदार जाऊन भिशीसारखे थोडेथोडे पैसे गोळा करी, आणि माणूस गेला की फ्युनरल होमचं बिल त्यातून भागे. आपला शेवट सन्मानाने व्हावा यासाठी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला हा पैसा. तो ज्याच्या हवाली करायचा त्याच्या नावाला वजन असावंच लागतं.

ओकीफ यांच्याशी ज्यांचा सामना झाला ते रे लोवेन या धंद्याला परके उद्योगपती नव्हते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाख नावाचं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव आहे. तिथे लोवेन यांच्या वडिलांचं फ्युनरल होम होतं. लोवेन यांनी गावोगावचे असे धंदे विकत घ्यायला सुरुवात केली. मुलं शिकून शहरात गेलेली, म्हाताऱ्या मालकाला वारस नाही, अशा ठिकाणी त्यांचा सौदा चटकन जमे. असाच विस्तार टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल या कंपनीमार्फत १९६२ पासून चालवला होता, आणि तेही फ्युनरल होमवाल्याचेच चिरंजीव. घराण्याच्या नावाची ताकद या दोघांना घरातूनच कळलेली होती. म्हणून मालकी बदलली तरी दारावरची पाटी ते बदलत नसत. पुष्कळदा जुना मालकच व्यवस्थापक म्हणून खुर्चीवर राही. एका परिसरातल्या चार-पाच शाखांना शववाहिका आणि लेपनाची खोली सामाईक केली की खर्च घटे. गिऱ्हाइकाचं बिल मात्र वाढे. मला यातली लपवालपवी सर्वांत जास्त खुपते. शोकात बुडालेलं कुटुंब ज्या नावाकडे विश्वासाने येई, ते नाव त्याच्या नकळत विकलं गेलेलं असे.

लोवेन यांच्या कंपनीने मिसिसिपीत फ्युनरल होम खरेदी केली आणि जॅक्सन शहरात ओकीफ यांचा विमा विकण्याचा करार मोडल्याचा वाद उभा राहिला. १९९१ मध्ये तडजोड ठरली : ओकीफ यांनी आपली काही फ्युनरल होम द्यायची आणि लोवेन यांची एक विमा कंपनी घ्यायची. तडजोड कागदावरच राहिली आणि प्रकरण ज्युरीपुढे गेलं. ओकीफ यांच्या बाजूने फ्लोरिडाचे विली गॅरी उभे राहिले. शेतमजुरांच्या पोटी जन्मलेल्या या कृष्णवर्णीय वकिलाने कराराचा रुक्ष वाद गावकरी विरुद्ध महामंडळ असा रंगवला.

देवाणघेवाण होती काही दशलक्ष डॉलरची. नोव्हेंबर १९९५ मध्ये ज्युरीने भरपाई दिली ५० कोटी डॉलर, त्यातले ४० कोटी दंडात्मक. अपील करायचं तर राज्याच्या नियमाप्रमाणे रकमेच्या सव्वापट, म्हणजे साडेबासष्ट कोटींची हमी भरावी लागणार होती. ती झेपेना, आणि जानेवारी १९९६ मध्ये लोवेन यांच्या कंपनीने साडेसतरा कोटींवर तडजोड केली. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रतिस्पर्धी धंदे चढ्या भावाने घेत सुटल्यामुळे डोक्यावर झालेलं कर्जही त्याला कारण होतं. पुढे उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराखाली नेमलेल्या लवादाने २००३ मध्ये लोवेन यांचा दावा अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला, पण मूळ खटल्यात परकेपणा आणि वर्ण यांना जे आवाहन झालं त्यावर कडक ताशेरे ओढले. ते मला रास्त वाटतात. रक्कम अवाजवी होती. नुसत्या कराराच्या हिशोबाने एवढा आकडा निघत नाही. आपल्या माणसांचे अंत्यविधी कुणाच्या हाती आहेत, हा राग त्यात होता, आणि तो राग खरा होता.

घराण्यांच्या पेढ्या साधुसंतांच्या होत्या असं मुळीच नाही. १९६३ साली जेसिका मिटफर्ड यांनी ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ लिहिलं तेव्हा महागड्या शवपेट्या गळ्यात मारणाऱ्या छोट्या दुकानदारांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्या टीकेच्या रेट्यातून १९८४ मध्ये संघीय नियम आला : प्रत्येक सेवेचा दर वेगळा लिहून द्यायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा.

या धंद्याला खरा हादरा दहनाने दिला. अमेरिकेतली पहिली आधुनिक दाहिनी डॉ. लिमॉइन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या वॉशिंग्टन गावात बांधली. डिसेंबर १८७६ मध्ये तिथलं पहिलं दहन घडवून आणणारे थिऑसॉफिस्ट कर्नल ऑल्कॉट पुढे १८७९ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्कींबरोबर मुंबईत आले. तेव्हा चेष्टेचा विषय झालेली ही रीत २०१५ च्या सुमारास तिथे दफनाच्या पुढे गेली. भारी शवपेटी नाही, कबरीची जागा नाही. नफ्याचा मोठा वाटा गळाला.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांचीही गाठ याच व्यवस्थेशी पडते. गुरुजींसाठी खोली, देहाला आंघोळ घालण्याची मुभा, दाहिनीचं बटण थोरल्या मुलाने दाबायचं, हे सगळं फ्युनरल होमशी आधी बोलून ठरवावं लागतं. दरपत्रक मागणं हा तिथे हक्क आहे. त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारावा, कारण लोवेन यांच्या कंपनीचा उरलेला भाग नाव बदलून २००६ मध्ये अखेर वॉल्ट्रिप यांच्याच कंपनीने घेतला, आणि गावोगावच्या कितीतरी पाट्या आजही जुन्याच आहेत : पाटीवर ज्यांचं नाव आहे, धंदा त्यांच्याच घरात आहे का?