चाळीस मिनिटांची शिल्लक

आमच्या बोर्लीत संध्याकाळी लाईट गेली की पहिला आवाज येतो शेजारच्या पडवीतून, "गेली रे!" असा. दुसरा आवाज आईचा. माजघरातला पंखा थांबलेला असतो, दूरदर्शनवरची मालिका ऐन भांडणात विझलेली असते. आई काठी टेकत ओटीवर येते, झोपाळ्याच्या कडेला ठेवलेल्या खुर्चीत बसते आणि म्हणते, "जरा वारा आहे बाई इकडे." मग दोन-चार मिनिटं गप्प. आणि मग सुरू होते.

ती सुरू होण्याच्या आत माझा लॅपटॉप उघडलेला असावा लागतो.

हे कसं जमून आलं ते सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं. मी नुकताच, म्हणजे वर्षभरापूर्वी, बँकेतून निवृत्त होऊन मुंबईचं बिऱ्हाड मोडून घरी आलो होतो. त्या दुपारी श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली या पट्ट्यात ताशी १०० ते १२० किलोमीटरचा वारा फिरला. आमच्या पागोळीवरचे पत्रे कुणाच्या वाडीत गेले ते अजून कळलेलं नाही. संध्याकाळी बाहेर येऊन पाहिलं तर मागची वाडीच नव्हती. ११ माड आणि दीडशेच्या आसपास पोफळी आडव्या झाल्या होत्या. आभाळ एकदम इतकं मोठं दिसायला लागलं की भीती वाटली.

नुकसानीचा पंचनामा होणार म्हणून यादी करायला बसलो. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला यादी करताना बरं वाटतं. दुःखालाही अनुक्रमांक मिळतो. आई शेजारी बसली आणि एकेका झाडाकडे बोट दाखवत सांगू लागली: हा माड तुझ्या पणजीने लावलेला, हा तुझ्या बारशाच्या वर्षीचा, त्या कोपऱ्यातल्या चार पोफळी तुझ्या काकाने भांडून आपल्या बाजूला घेतलेल्या. पंचनाम्याला लागत होते आकडे आणि मिळत होत्या हकिगती. दोन्ही टिपत गेलो. ती फाईल अजून 'पंचनामा' याच नावाने आहे आणि तिची २१४ पानं झाली आहेत.

आमच्या आळीत वीज परत यायला महिना उलटला. रोज सकाळी पिशवीत लॅपटॉप घालून मी बाजारात जनरेटरवर चार्ज करायला जाई. तिथे मोबाईलवाल्यांची रांग आणि मधेच माझं हे धूड. एकदा भरला की साडेचार तास चाले. संध्याकाळी ओटीवर आई १९४८ सालापर्यंत जाऊन यायची. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि जंजिरा संस्थान विलीन झालं होतं. नवाबाचं राज्य गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे तिला मास्तरांनी नव्हे, घरी सुपारी मोजायला येणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. साडेचार तास पुरून उरायचे.

आता तोच लॅपटॉप चाळीस मिनिटं चालतो.

तुम्ही म्हणाल, कागद-पेन नाही का? आहे. पण अंधारात लिहिलेलं माझं अक्षर सकाळी मलाच लागत नाही. मोबाईलवर आवाज टेपही करून पाहिला. मोबाईल समोर धरला की आई "हॅलो" म्हणते, तब्येत विचारते आणि थांबते. लॅपटॉपचं तसं नाही. मी खाली मान घालून काहीतरी बडवत बसलोय, म्हणजे बँकेचंच काम असणार, अशी तिची समजूत आहे. आणि पडद्याचा उजेड तेवढा पुरतो.

बॅटरी अशी का संपत जाते, याचा मी मग माझ्या परीने तपास केला. यंत्राकडूनच अहवाल मागवता येतो, हे तेव्हा कळलं. त्यात दोन आकडे असतात: कारखान्यातून निघताना किती वीज साठत होती, आणि आज किती साठते. माझ्या बॅटरीचे आकडे होते ४१ वॅट-तास आणि १३ वॅट-तास. मूळ ठेव आणि आजची शिल्लक. इतकं स्वच्छ ताळेबंद मी कर्जदाराच्या फाईलमध्येही क्वचित पाहिलं असेल.

पण १३ वॅट-तासांत माझं यंत्र तासाहून जास्त चालायला हवं. ते चाळीस मिनिटांत, आणि तेही पडद्यावर २८ टक्के शिल्लक दाखवत असताना, धाडकन बंद पडायचं. याचंही कारण निघालं. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला विरोध वाढतो. यंत्राने जरा जास्त वीज मागितली की दाब एकदम खाली येतो आणि यंत्राला वाटतं, संपली. पैसे खात्यात असतात, पण खिडकीपर्यंत येत नाहीत.

या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या. लिथियमचे कण चार्ज होताना एका बाजूच्या ग्रॅफाईटमध्ये जाऊन बसतात आणि वापरताना परत दुसऱ्या बाजूला येतात. पहिल्याच खेपेला ग्रॅफाईटवर एक पातळ साय धरते. ती आवश्यकच असते, पण पुढेही जाड होत राहते आणि दर खेपेला थोडं लिथियम तिच्यात कायमचं अडकतं. नुसती ठेवून दिली तरी बॅटरी म्हातारी होते. दोन गोष्टींनी हे फार लवकर होतं: उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेली अवस्था. वाचून मी कपाळाला हात लावला. कोकणातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, पाच वर्षं मी हे यंत्र दिवसभर चार्जरला जोडून ठेवलं होतं. मधूनमधून कुणीतरी सांगितलं म्हणून पूर्ण शून्यावरही आणत होतो. तो सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. या जातीला तो मानवत नाही. बरीच यंत्रं आता ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय देतात. माझ्यातही ती पहिल्या दिवसापासून होती.

बँकेत आम्ही असे नव्हतो हो. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, मागाहून शाखेत खातेवहीची यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर मागच्या खोलीत यूपीएसच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या आल्या. आमचा शिपाई दर महिन्याला त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचा, तारीख खडूने भिंतीवर लिहायचा. तिथे देखभाल डोळ्यांना दिसत होती. लॅपटॉपची बॅटरी पोटात बंद. तिला पाणी नाही, खडू नाही.

या जातीच्या बॅटरीसाठी २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं: व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि जपानचे योशिनो. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते, नोबेल मिळालेले सर्वांत वयोवृद्ध. नव्वदीतही ते प्रयोगशाळेत जात आणि याहून चांगल्या बॅटरीच्या मागे होते. २०२३ साली, शंभरी गाठून गेले. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याची आई असती तर तिने बसवलं असतं घरी."

मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा, नवा घ्या. यंत्र ठणठणीत आहे. चष्म्याची काडी मोडली म्हणून डोळे बदलायचे का? मी फक्त बॅटरी बदलायचं ठरवलं. कंपनीने ती बनवणं थांबवलेलं. मुंबईच्या एका दुकानातून 'सेम टू सेम' म्हणून ३,२०० रुपयांना आणली. सहा महिने अगदी छान चालली. सातव्या महिन्यात एके सकाळी कळफलकाखालची बोट फिरवायची पाटी दाबली जाईना. उलटं करून पाहिलं तर यंत्राचं पोट सुटलेलं. बॅटरी फुगली होती. आत वायू धरतो, आणि अशी बॅटरी दाबली, टोचली, चार्ज केली तर पेट घेऊ शकते. ओटीवर त्याच यंत्राला आदल्या संध्याकाळी आईच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर घेऊन बसलो होतो, हे आठवून घाम फुटला.

दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा शहाणा. यंत्र बंद करून, प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच बॅटरी सुटी केली आणि वाळूच्या बादलीत ठेवली. "काका, ही कचऱ्यात नाही टाकायची," म्हणाला. २०२२च्या केंद्राच्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे. पण बनवणाऱ्याचं नावच बॅटरीवर नसेल तर परत द्यायची कुणाला? युरोपात म्हणे १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरली आहे. तिथून पुढे अशा उपकरणांची बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. आमच्या मुलाला तोवर दुकान चालवायचं आहे. त्याने माझी जुनीच, चाळीस मिनिटांची बॅटरी पुन्हा बसवून दिली. मी ती टाकली नव्हती. बँकवाला काही टाकत नाही.

मग मुलाने माझं न ऐकता इन्व्हर्टर पाठवला. ओटीवर बटण आलं, लॅपटॉप हवा तितका वेळ चालेल अशी व्यवस्था झाली. आणि आई बोलायची थांबली. लाईट गेल्याचं तिला कळेचना! पंखा फिरतोय, मालिका चालू आहे, शेजारचा "गेली रे" पंख्याच्या आवाजात बुडतोय. मे महिन्याचे पंधरा दिवस 'पंचनामा'त एक ओळ पडली नाही. आई सत्त्याऐंशीची आहे. गेल्या दिवाळीपासून नावं विसरते. काकाचं नाव मला दोनदा विचारून झालं आहे. त्या पंधरा दिवसांचा हिशेब मी कुठल्या खात्यात घालायचा?

उकाड्यात म्हाताऱ्या बाईचा पंखा बंद करायचा म्हणजे पाप, हे मला कळतं. तरी परवा संध्याकाळी लाईट गेली तेव्हा मी हळूच जाऊन इन्व्हर्टरचं बटण पाडलं. दोन मिनिटांनी काठीचा आवाज आला. आई खुर्चीत बसली. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता छपराच्या वर गेल्या आहेत, त्यांच्याकडे बघत राहिली.

"बटण तूच पाडलंस ना?" तिने विचारलं.

मी काहीच बोललो नाही. लॅपटॉप उघडला.

"किती वेळ आहे त्याला?"

"चाळीस मिनिटं."

"मग मावशीच्या लग्नाचं होईल," ती म्हणाली. "होडीतलं. लिही."