चाळीस उल्का एका फोटोत कशा येतात?

डिसेंबर आला की मुलांच्या मोबाईलवर एक फोटो फिरू लागतो. खाली समुद्र, नारळाची झाडे आणि आभाळात एकाच जागेतून फुटल्यासारख्या तीस-चाळीस उल्का. प्रत्यक्ष डोळ्यांना असे काही दिसत नाही. रात्रभर काढलेल्या शेकडो फोटोंतल्या उल्का वेचून एकावर एक बसवलेल्या असतात. त्यात लबाडी नाही. पण हे कोणी सांगितले नाही तर मूल दहा मिनिटे वर बघते आणि "हे सगळे खोटे असते" म्हणत झोपायला जाते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर आम्ही काढलेल्या फोटोंची हकीकत म्हणूनच सांगावीशी वाटते.

उल्कावर्षावात ऑगस्टमधल्या ययाती उल्कांचे नाव मोठे, पण तेव्हा आपल्याकडे पावसाळा. बेटावरून पाहावा तो 13-14 डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव. या उल्का (उर्दूत शहाबे-साकिब) 1983 साली सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाच्या धुळीच्या. वेग सेकंदाला सुमारे 35 किलोमीटर, म्हणजे उल्कांच्या मानाने संथ. त्यामुळे त्या कॅमेऱ्यात चांगल्या उमटतात.

चांदण्याचा अंदाज घ्यायला घरातले हिजरी कॅलेंडर पुरते. महिन्याचा पहिला आठवडा असेल तर चांद लवकर मावळतो. चौदावी-पंधरावी असेल तर सगळी रात्र वाया. आम्ही गेलो तेव्हा जमादिलावल संपत आला होता.

अगत्तीला जायला परवाना लागतो, विमान कोचीहून. पश्चिमेला उथळ खाजण, तिकडे दिवे नाहीत. इशानंतर मिथुन रास ईशान्येला उगवते आणि तहज्जुदच्या वेळी डोक्यावर येते. खरा बहर तेव्हाच. आम्ही कॅमेऱ्याचे तोंड पश्चिमेला, कलत्या मृग नक्षत्राकडे ठेवले. रुंद लेन्स, आयएसओ 3200, प्रत्येक फोटोला 20 सेकंद. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस सापडत नाही, म्हणून व्याधाचा तारा पडद्यावर मोठा करून तो बारीक ठिपका होईपर्यंत कडे हाताने फिरवायचे आणि त्यावर चिकटपट्टी लावायची. वाळूत ट्रायपॉड खचतो, पायांखाली फळीचे तुकडे हवेत.

पण खरा त्रास दमट हवेचा. एसी खोलीतून काढलेल्या लेन्सवर लगेच वाफ धरते. कॅमेरा तासभर आधी बॅगेतच बाहेर ठेवावा. खारे वारे लागतात, सकाळी सगळे पुसून घ्यावे लागते.

चार तासांत सातशेच्या आसपास फोटो निघाले. उल्का आल्या त्यातल्या अकरांत. बाकीच्या कितीतरी चौकटीबाहेर पडल्या, त्या फक्त आम्ही पाहिल्या. वर्गात आम्ही दोन चित्रे लावली आहेत, एका उल्केचे आणि अकरांच्या बेरजेचे. दुसऱ्याखाली "चार तास" एवढेच लिहिले आहे. मुले त्याच्यापाशी जास्त थांबतात आणि प्रश्नही जास्त विचारतात.

2026 च्या 13-14 डिसेंबरला रजबचा पहिला आठवडा असेल. चांद मध्यरात्रीच्या बराच आधी मावळेल. लक्षद्वीप नाही जमले तर कोकणातला दिव्यांपासून दूरचा कुठलाही किनारा चालेल. सोबत चादर न्या, आणि अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास तरी द्या. तेवढ्यात मोबाईल मात्र उघडू नका.