विझलेल्या दिव्याचा उजेड

बँकेतल्या नोकरीने मला एक खोड लावली. खर्च दिसला की आधी जमेची बाजू शोधायची. आकाशातले असेच एक न जुळणारे खाते मला कित्येक दिवस पुरले आहे.

२००७ साली हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिका 'गॅलक्सी झू' या उपक्रमासाठी हौसेने दीर्घिकांची छायाचित्रे चाळत होत्या. आयसी २४९७ या दीर्घिकेजवळ त्यांना एक विचित्र डाग दिसला. दुसऱ्या कुणी पुढचे चित्र काढले असते. बाईंनी 'हे काय?' असे सरळ विचारले.

तो निघाला वायूचा प्रचंड मेघ. त्यातल्या ऑक्सिजनच्या अणूंनी दोन-दोन इलेक्ट्रॉन गमावलेले, म्हणून ती हिरवी चमक. हेलियमचे तर दोन्ही गेलेले! साध्या ताऱ्यांच्या उजेडाला हे झेपत नाही. त्याला क्वासार हवा, म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडताना तापून धगधगणारे द्रव्य. पण शेजारच्या दीर्घिकेचे केंद्र पाहावे तर बरेचसे निवांत. क्ष-किरणांच्या दुर्बिणींनीही तपासले. तिथली आजची मिळकत एवढ्या खर्चाला पुरत नाही. मग हे बिल भरतो कोण?

उत्तर प्रकाशाच्या प्रवासात आहे. केंद्राचा प्रकाश आपल्याकडे सरळ येतो; मेघाला उजळून येणारा उजेड हजारो वर्षांचा वळसा घेतो. क्वासार गेल्या दोनेक लाख वर्षांत मंदावला, आणि मेघाची ही खबर अजून आपल्यापर्यंत पोचायची आहे. खगोलाच्या हिशेबात दोन लाख वर्षे म्हणजे काहीच नाही. एवढी मोठी भट्टी इतक्या झटपट निवते, हेच शास्त्रज्ञांना नवल वाटले.

पुढे त्याच हौशी मंडळींनी असे आणखी मेघ हुडकून काढले. त्यांतल्या काहींची दीर्घिकाही अशीच थंडावलेली आढळली.