केस गेले, आळ पाण्यावर

2024 चा डिसेंबर सरता सरता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून चक्रावून टाकणाऱ्या बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांच्या डोक्याला आधी खाज सुटायची, मग नुसता हात फिरवला तरी केसांचे पुंजके निघून यायचे आणि चार दिवसांत चक्क टक्कल. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. विहिरींचे, बोअरचे नमुने तपासणीला गेले. कुणी शॅम्पूकडे बोट दाखवलं. बघता बघता रुग्णांची संख्या पावणेतीनशेच्या वर गेली.

विंचूदंशावरच्या उपचारांसाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मात्र गावातला रेशनचा गहूही तपासून घेतला. त्यात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. एरवी हे प्रमाण फार तर 1.9 असतं. गहू धुऊन पुन्हा तपासला, तरी आकडा 13.61 वरच अडला. सेलेनियम शरीराला किंचितच लागतं. जास्त झालं की केस आणि नखं जातात. पुढे एप्रिलमध्ये त्याच गावांतल्या काहींची नखंही निघू लागली. बावस्करांचा निष्कर्ष असा, की विष डोक्यावर पडलं नव्हतं, पोटात गेलं होतं.

हा प्रकार टोकाचा असला, तरी संशयाची दिशा घरोघरी तीच असते. केस जायला लागले की ऊन, धूळ, हेल्मेट आणि विशेषतः ‘आमच्याकडचं पाणी’ हे आरोपी आधी पकडले जातात. ते निर्दोष आहेत असं नाही. फक्त त्यांचा गुन्हा वेगळा आहे.

खातरजमा करायला प्रयोगशाळा लागत नाही. कंगव्यात अडकलेला केस खिडकीपाशी उजेडात धरावा. एका टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली, तर तो मुळापासून सुटला आहे. असे पन्नास ते शंभर केस रोज जाणं स्वाभाविक. गाठ नाही, लांबी अर्धवट आणि टोक फाटलेलं, तर तो मधेच तुटला आहे. बाहेरच्या हवापाण्याचा मार बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात दिसतो. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. केराटिन नावाच्या प्रथिनाचा तो धागा, आणि त्यावर मंगलोरी कौलांसारखे एकावर एक रचलेले सूक्ष्म खवले. हे खवले उचकटले की केस राठ होतो, गुंततो, तुटतो. निर्जीव असल्यामुळे तो स्वतःला दुरुस्तही करू शकत नाही. बाटलीवर ‘रिपेअर’ असं कितीही ठळक छापलेलं असो, आतलं द्रव्य मुख्यतः खवल्यांवर गुळगुळीत लेप देतं, आणि तो धुण्यागणिक उतरतो.

आता पाणी. पुण्याजवळ वाघोली किंवा हिंजवडीच्या बाजूला नव्या सोसायटीत राहायला गेलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते : टँकरच्या पाण्यानं टक्कल पडतंय. जड पाणी म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तो याच क्षारांचा. केसांवरही त्यांचं किटण बसतं आणि केस खरखरीत लागतात, हे खरं. पण केस कमकुवत होतात का? ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’ या एकाच नियतकालिकात दोन उलट उत्तरं छापून आली आहेत. 2013 च्या अभ्यासात जड आणि शुद्ध पाण्यात भिजवलेल्या केसांच्या ताकदीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही; 2018 मध्ये पाकिस्तानातल्या 70 पुरुषांच्या केसांवर केलेल्या अभ्यासात ताकद घटलेली दिसली. दोन्हीकडे मोजली गेली ती केसाच्या धाग्याची ताकद. मुळाशी त्यांचा संबंध नव्हता. पुरुषांच्या कपाळावरून मागे सरकणाऱ्या केसांचं कारण बहुतेक वेळा आनुवंशिकता आणि संप्रेरकं हेच असतं. त्यासाठी टँकरवाल्याशी भांडून उपयोग नाही.

टीडीएस मीटर पाण्यात बुडवून ‘पाणी जड आहे’ असं जाहीर करण्याची चालही पडली आहे. ते यंत्र विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतं, जडपणा वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. साबणानं केस धुण्याची सवय मात्र जड पाण्यात नक्की नडते, कारण साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो. शॅम्पूनं तसं होत नाही. शेवटचा तांब्या आरओच्या पाण्याचा घेतला तरी फरक जाणवतो. पण आरओनं टाकून दिलेलं, काटकसर म्हणून बादलीत साठवलेलं पाणी डोक्यावर घेऊ नये. नळाच्या पाण्याहून ते अधिक जड असतं. फरशी पुसायला ते उत्तम.

काळ्या केसांना उन्हाची बाधा होत नाही, हा समज अर्धाच खरा. केसातलं मेलॅनिन अतिनील किरण शोषून प्रथिनं वाचवतं खरं, पण त्यात ते स्वतः खर्ची पडतं. म्हणून सतत उन्हात राबणाऱ्यांच्या केसांची टोकं भुरी होतात. केसांच्या स्प्रेवर एसपीएफचा आकडा पाहून जादा पैसे मोजू नयेत. हा आकडा त्वचा लाल होण्यावरून काढतात, आणि केस काही लाल होत नाही. डोक्यावरचा पदर, सुती टोपी किंवा पुण्याच्या मुलींचा तो प्रसिद्ध स्कार्फ हे काम बिनआकड्याचं करतात.

पावसाळ्यात केस फुगतात, त्यालाही लोक ‘खराब झाले’ म्हणतात. केस दमट हवेत पाणी शोषून किंचित लांबतो, इतक्या भरवशानं, की होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञानं 1783 मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा फुगलेला केस बिघडलेला नसतो. पण भिजलेला केस नाजूक असतो, त्यामुळे घाईघाईनं फणी ओढली की तो तुटतो.

तेलाबाबत आजीचं म्हणणं बरंचसं टिकलं आहे. 2003 मध्ये मॅरिकोच्या मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातली प्रथिनांची झीज फक्त खोबरेलानं कमी झाली. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात ठेवूनही कारण पटण्याजोगं आहे : त्यातल्या लॉरिक आम्लाचे सरळ, छोटे रेणू केसाच्या आत शिरतात. तेल मुळांना पोसतं, हा भाग मात्र सोडून द्यावा. शिवाय तेल थापून दुचाकीवर निघालं, की रस्त्यावरची धूळ त्यावर चिकटते. ते धुण्याआधी लावावं. कोंडा असेल तर हात आखडता घ्यावा, कारण कोंडा वाढवणारी बुरशी स्निग्धतेवरच जगते.

राहिलं हेल्मेट. केसाच्या मुळाला प्राणवायू रक्तातून मिळतो, त्यामुळे डोकं झाकल्यानं ते गुदमरत नाही. घामट अस्तर अधूनमधून धुवावं, आत सुती रुमाल बांधावा, केस करकचून आवळू नयेत. टक्कल पडण्याची भीती हेल्मेट न घालण्याची सबब होऊ शकत नाही.

आणि डोक्यावर अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, तर ती बहुधा चाई असते. ती कुठल्या किड्यानं खाल्ल्यामुळे होत नाही आणि पाण्यामुळेही नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. त्यावर लसूण चोळून त्वचा भाजून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.