नावापुढे ‘डॉ.’, पण स्टेथोस्कोप नाही!

फायनान्समध्ये पीएचडी म्हणजे नेमकं काय करायचं असतं? किती वर्षं? आणि नोकरीचं काय?

बँकेत किंवा फायनान्स कंपनीत चार-पाच वर्षं घासली, की तिशीच्या आसपास डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. ‘पीएचडी करून टाकू का?’ आमच्या सोलापुरी कट्ट्यावर निदान तिघांना हा किडा चावलाय. एक जण बँकेत कर्जांच्या फायली बघतो, दुसरा सीए फर्ममध्ये आहे, तिसरी मैत्रीण कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तिघांचा समज एकच. विषय घ्यायचा, वीकेंडला लिहायचं, तीन वर्षांत बाइंडिंग! म्हटलं, जरा नियम तर वाचू. वाचले. आणि बॉस, प्रकरण एवढं सोपं नाहीये.

आधी पत्ता. पुण्याहून हायवेने येताना सोलापूरच्या तोंडावर केगाव लागतं, तिथे विद्यापीठाचा कॅम्पस आहे. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं, एका जिल्ह्यापुरतं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होती. २०१९ मध्ये त्याचं नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांत फायनान्स हा विषय बहुधा वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेत येतो. त्यामुळे ‘पीएचडी इन फायनान्स’ असा वेगळा बोर्ड शोधत फिरू नका. तुमचा फायनान्स असतो तुमच्या विषयात आणि तुमच्या गाइडच्या डोक्यात.

नियमांचा सांगाडा मात्र देशभर एकच, यूजीसीचा. सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे. मास्टर्सला ५५ टक्के हवेत, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत. मग एंट्रन्स. निम्मा पेपर संशोधन पद्धतीवर, निम्मा विषयावर. मेरिट लिस्टमध्ये लेखी परीक्षेला ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. जून २०२४ पासून नेटच्या मार्कांवरही पीएचडीच्या प्रवेशाचं दार उघडतं, पण ते मार्क वर्षभरच चालतात. कुठलं विद्यापीठ त्या वर्षी काय धरणार, हे जाहिरातीत बघायचं. मित्राच्या मित्राला विचारून फॉर्म भरू नका.

गाइड मिळाला का?

खरी गोची इथे आहे. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चारच विद्यार्थी घेता येतात. वर निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील, तर नवा विद्यार्थी घेताच येत नाही. म्हणजे तुम्ही एंट्रन्समध्ये कितीही चमका, सरांकडे जागा नसेल तर विषय संपला. लग्नाच्या स्थळासारखंच आहे हे. फरक एवढाच, की स्थळ बघायला घरचे येतात, इथे तुम्हालाच जायचंय. जाण्याआधी सरांचे किंवा मॅडमचे चार पेपर वाचून जा. सहकारी बँकांवर आयुष्य घालवलेल्या माणसाकडे क्रिप्टोचा विषय घेऊन गेलात, तर चहा मिळेल, गाइड नाही.

नोकरी सांभाळून करता येते का? येते. पार्टटाइम पीएचडीला परवानगी आहे. पण ऑफिसची एनओसी लागते, आणि त्यात साहेबाने लिहून द्यावं लागतं की कामाच्या स्वरूपामुळे याला संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास याला मोकळं करू. मार्च एंडिंगला सुट्टी न देणारा साहेब हे लिहून देईल का, याचा अंदाज फॉर्म भरण्याआधीच घ्या. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएचडीला परवानगी नाही. तशी जाहिरात दिसली तर तिथूनच मागे फिरा.

कमीत कमी काळ तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. नंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत, शिवाय बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. सुरुवातीला किमान १२ क्रेडिट्सचं कोर्सवर्क, त्यात संशोधनाची नीतिमत्ताही येते. ५५ टक्के मिळवल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मग दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे उभं राहून ‘काय केलं?’ याचा हिशेब द्यायचा. वीकेंडवाल्यांचं स्वप्न बहुधा इथेच फुटतं.

विषय उशाशी आहे

शोधगंगा या साइटवर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. एक संध्याकाळ त्यात घालवा. ‘अमुकचा अभ्यास : विशेष संदर्भ तमुक जिल्हा’ या साच्याची शीर्षकं बघून मला तर गुंगी आली. शंभर लोकांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, पाय चार्ट लावायचे. याला संशोधन म्हणायला माझी जीभ अडते.

आणि गंमत म्हणजे सोलापुरात खरे प्रश्न रस्त्यावर पडलेत. उसाची एफआरपी १४ दिवसांत द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. मग कारखान्याने पैसे उशिरा दिले, तर त्या काळात कारखान्याला भांडवल कोण पुरवतं? शेतकरीच की! ही बिनव्याजी उधारी नेमकी किती, हे आकड्यांत मांडणं म्हणजे फायनान्स. किंवा हे बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ठेवींवर विमा आहे, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. अशी बँक बंद झाल्यावर शेजारच्या सहकारी बँकांतल्या ठेवी हलतात का? विम्याची मर्यादा वाढल्यावर ठेवीदार निर्धास्त झाले का? चादरी-टॉवेलच्या कारखान्यांचं खेळतं भांडवल हा तर आणखी वेगळा प्रबंध.

अमेरिकेत हेच शिक्षण वेगळ्या चालीने चालतं. पहिली दोन वर्षं गणित, अर्थशास्त्र आणि डेटाचे कोर्स, मग कठीण परीक्षा, त्यानंतर विषय. आपल्याकडे विषयाचा आराखडा प्रवेशाच्या वेळीच मागतात. त्यामुळे रिग्रेशन, पॅनेल डेटा वगैरे प्रकार तुम्हालाच शिकून घ्यावे लागतात. एक्सेलवर भागणार नाही.

आता पैशाचं बोलू. फुलटाइम करणाऱ्याला जेआरएफ मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७ हजार आणि दोन वर्षांनी ४२ हजार. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत. पार्टटाइमवाल्याला पगार हीच फेलोशिप! आणि प्राध्यापकीसाठी करत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. जुलै २०२३ पासून असिस्टंट प्रोफेसरला नेट किंवा सेट पुरते, पीएचडीची सक्ती नाही. ती लागते असोसिएट प्रोफेसरपासून वर. नुसता पगार वाढवायचा असेल तर माझ्या मते सीएफए करा, सुटसुटीत काम.

शेवटचा टप्पा. प्रबंध गाइडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. एकाने नाकारला तर तिसऱ्याकडे, त्यानेही नाकारला तर पदवी नाही. दोघांनी होकार दिला तर व्हायवा, आणि सबमिशनपासून निकालापर्यंत सगळं सहा महिन्यांत उरकावं असा नियम आहे. व्हायवा खुली असते, विद्यापीठातले इतर प्राध्यापक, संशोधक येऊन बसतात. फॉर्म भरण्याआधी विभागात फोन करा, पुढची व्हायवा कधी ते विचारा, मागे बसायला मिळतंय का बघा आणि परीक्षक कुठले प्रश्न विचारतात ते वहीत उतरवून घ्या.