माऊस हाती आला, संगणकशास्त्र कधी येणार?

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना विद्यार्थी भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवायचे नाही, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बाबासाहेबांनी संस्कृत स्वतःच्या जिद्दीने आत्मसात केले आणि त्याचा काय उपयोग केला, हे चळवळीतल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ही गोष्ट आपण दर जयंतीला ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण शाळेत कोणता विषय कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हा या देशात कधीच निव्वळ आवडीनिवडीचा मामला नव्हता, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

आज कोणी मास्तर वर्गाच्या दारात उभा राहून "तुला संगणकशास्त्र मिळणार नाही" असे म्हणत नाही. तसे म्हणण्याची गरजच उरलेली नाही. फी बोलते, गणिताची भीती बोलते आणि माहिती नसलेला बाप स्वतःच्या हाताने फॉर्मवर दुसऱ्याच विषयापुढे खूण करून मोकळा होतो.

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, एखादे पुस्तक. अशा एका कार्यक्रमात मी मुलांना सहज विचारले, पुढे काय करणार? निम्म्याहून जास्त मुलांनी "कॉम्प्युटर" असे उत्तर दिले. कॉम्प्युटर म्हणजे काय, असे विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, एमएस-सीआयटी झालंय माझं. बापाच्या चेहऱ्यावर अभिमान होता. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी गावोगावी पोचली. ज्या घरात कधी टाईपरायटर आला नव्हता, तिथल्या पोरापोरींच्या हाती त्यामुळे माऊस आला. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ती अट असल्यामुळे आपल्या समाजाने पोटाला चिमटा काढून मुलांना तिथे पाठवले. परंतु पत्र टाईप करणे, तक्ता भरणे, प्रिंट काढणे म्हणजे संगणक वापरणे. संगणकशास्त्र वेगळे. एसटीत बसता येणे आणि एसटीचे इंजिन बांधता येणे यात जेवढे अंतर, तेवढेच यात आहे. या अंतराचा हिशेब न केल्यामुळे आपली हजारो मुले कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर होऊन अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर दिवस काढताना दिसतात.

मग संगणकशास्त्र म्हणजे काय? त्यासाठी संगणक लागतोच असे नाही, खडू आणि फळा पुरतो. मतदार यादी घ्या. नावे अकारविल्हे लावलेली आहेत असे धरा. एक हजार नावांतून एक नाव शोधायचे. पहिल्या नावापासून वाचत गेलात तर कदाचित हजारही नावे वाचावी लागतील. त्याऐवजी यादी मधोमध उघडा. हवे ते नाव त्याच्या आधी येते की नंतर ते पाहा, नको असलेला अर्धा भाग सोडा, उरलेला पुन्हा मधोमध उघडा. जास्तीत जास्त दहा वेळा उघडून नाव सापडते. यादी एक लाखाची केली तर? सतरा वेळा. यादी शंभर पटीने वाढली, मेहनत सातने वाढली! हे समजले तेव्हा मला स्वतःला रात्रभर झोप आली नव्हती. एखादे काम कोणत्या पायऱ्यांनी करायचे, कमीत कमी श्रमात कसे करायचे आणि ते बिनचूक झाले हे कसे सिद्ध करायचे, याचे हे शास्त्र आहे. यंत्र नंतर येते.

आपल्या राज्यात हे शास्त्र शाळा-कॉलेजात कुठे भेटते? अकरावी-बारावी विज्ञान शाखेत 'कॉम्प्युटर सायन्स' हा द्विलक्षी म्हणजे बायफोकल विषय आहे. दोनशे गुणांचा. प्रत्येकी पन्नास गुणांचे दोन लेखी पेपर आणि उरलेले शंभर गुण प्रॅक्टिकलचे, अशी त्याची वर्षानुवर्षांची रचना. हा विषय घेणारा विद्यार्थी दुसरी भाषा आणि जीवशास्त्रासारखा एक विषय सोडतो. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टीम, डाटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस. दुसऱ्यात मायक्रोप्रोसेसर आणि नेटवर्किंग. यातला ८०८५ मायक्रोप्रोसेसर इंटेल कंपनीने १९७६ साली बाजारात आणला, आणि एकविसाव्या शतकातली मुलेही तोच शिकत आली. यावर हसणारे पुष्कळ आहेत. मला मात्र त्यात तेवढे हसण्यासारखे वाटत नाही. जुने का होईना, यंत्राचे पोट उघडून दाखवणारा तो धडा आहे. दोष आहे तो तो धडा वहीत उतरवून घेऊन पाठ करण्यात. प्रॅक्टिकलला बसल्याशिवाय प्रॅक्टिकलचे गुण पडत असतील तर नुकसान कोणाचे? ज्याच्या घरी संगणक आहे तो घरी शिकतो. आपला मुलगा कुठे शिकणार?

याशिवाय आर्ट्स, कॉमर्स आणि सायन्स अशा तिन्ही शाखांत घेता येणारा 'माहिती तंत्रज्ञान' हा शंभर गुणांचा विषय आहे. अनेक ठिकाणी हे दोन्ही विषय विनाअनुदानित तत्त्वावर चालतात, म्हणजे त्यांची फी वेगळी. कॉलेज अनुदानित, फी माफ, पण संगणक शिकायचा तर हजारो रुपये वेगळे मोजा. पर्शियनचा किस्सा इथे आठवतो.

केंद्रीय बोर्डाच्या शाळांत अकरावीपासून कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन ही भाषा शिकवतात. ते बोर्ड म्हणजे श्रीमंतांचे, असे आपण धरून चालतो. पण जवाहर नवोदय विद्यालये त्याच बोर्डाची आहेत. सहावीला प्रवेश परीक्षा, राहणे-जेवण-शिक्षण मोफत, पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण. आपल्या किती पालकांनी पाचवीतल्या मुलाचा तो फॉर्म भरला?

सरकारी शाळांची अवस्था काय वर्णावी! डिसेंबर २००४ मध्ये केंद्राने शाळांसाठी आयसीटी योजना आणली. आपल्या राज्यात ती कंत्राटदार कंपन्यांमार्फत 'बूट' तत्त्वावर राबवली गेली. करार संपला की संगणक शाळेचे, आणि कंत्राटी संगणक शिक्षक घरी. शिक्षक गेल्यावर खोलीला कुलूप. २०२३-२४ च्या यूडायस अहवालात देशातल्या ५७.२ टक्के शाळांत चालू संगणक असल्याची नोंद आहे. म्हणजे दर शंभरातल्या त्रेचाळीस शाळांत तोही नाही. नवे शैक्षणिक धोरण २०२० सालचे. त्यात सहावीपासून कोडिंग शिकवू असे म्हटले आहे. कशावर शिकवणार, पाटीवर?

त्याहून गंभीर गोष्ट २०२४ मध्ये घडली आणि आपल्या संघटनांनी तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात असे सुचवले गेले की दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण मिळाले तरी पुढे जाऊ द्यावे. मात्र गुणपत्रिकेवर शेरा राहील की या विद्यार्थ्याला पुढे गणित-विज्ञानाचे शिक्षण घेता येणार नाही. वरवर पाहता ही दया. मुलगा नापास होत नाही, घरात पेढे वाटले जातात. पण ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही, त्या शाळेतल्या मुलाच्या कपाळावर पंधराव्या वर्षी हा शेरा मारायचा आणि इंजिनिअरिंगचे, संगणकाचे, सगळ्या तांत्रिक शिक्षणाचे दार कायमचे बंद करायचे, याला काय म्हणावे? आमची मागणी वीस गुणांत पास करण्याची असताच कामा नये. गणिताचा शिक्षक द्या, ही असली पाहिजे.

गणित हेच खरे दार आहे. बारावीनंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे तर एमएचटी-सीईटीचा भौतिक, रसायन आणि गणित हा गट द्यावा लागतो. बारावीपर्यंत थांबायचे नसेल तर दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. गरीब घरातल्या मुलासाठी मला हा मार्ग अधिक पक्का वाटतो, कारण वाटेत कुठे थांबावे लागले तरी हातात एक पदविका राहते. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, बी.सी.ए., पुढे एम.सी.ए. हेही रस्ते आहेत. मुलींच्या बाबतीत आपण अजूनही नर्सिंग आणि शिक्षिकेच्या पलीकडे विचार करत नाही, हे सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या समाजाला शोभत नाही.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले आहे की नुसते कला शाखेचे आणि कायद्याचे शिक्षण अस्पृश्यांना फारसे तारणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, आणि त्याचा खर्च त्यांना झेपणारा नसल्याने सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी त्यात होती. हे लिहिणारा माणूस स्वतः बॅरिस्टर होता! त्या काळचे नवे तंत्र छापखान्यात आणि रेल्वेत होते. १९४६ ला त्यांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेही कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. आज आपली निम्मी मुले आर्ट्सला जाऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तारुण्य घालवतात. त्यांच्या कष्टाबद्दल आदर आहे. पण जागा किती आणि उमेदवार किती, हे त्यांना कोणी सांगायचे?

नोकरीची हमी देणारे क्लासवाले वेगळे, मी तशी हमी देणार नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे साधे प्रोग्रॅम आता यंत्रच लिहू लागले आहे. पाठांतरावर पास झालेल्याला यापुढे कोणी विचारणार नाही, मुळातून शिकलेल्याला विचारतील. शिवाय सगळी संगणकाची कामे खाजगी कंपन्यांतच आहेत असेही नाही. सरकारी बँकांत आयटी अधिकारी भरले जातात, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, इस्रो, डीआरडीओ इथे भरती होते आणि तिथे आरक्षण आहे. खाजगी क्षेत्रात ते नाही, त्यासाठीचा लढा वेगळा चालू राहील.

आणि हा केवळ पोटाचा प्रश्न नाही. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, सातबारा, सगळे आता संगणकात गेले. अमुक अट पूर्ण नसेल तर अर्ज फेटाळ, हा नियम कोणीतरी कुठेतरी बसून यंत्राला लिहून देतो. पूर्वी तलाठ्याशी भांडता येत होते. आता "सिस्टीम घेत नाही" म्हणतात, आणि आपला माणूस हात जोडून परत फिरतो. सिस्टीम का घेत नाही, हे विचारू शकणारी माणसे आपल्यात हवीत.

जात तिथेही सोडणार नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर खटला भरला, तो एका दलित इंजिनिअरला भारतीय सवर्ण वरिष्ठांनी जातीवरून वागणूक दिल्याच्या तक्रारीवरून. कंपनीने आरोप नाकारले, दोन वरिष्ठांवरची कारवाई २०२३ मध्ये मागे घेतली गेली. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. तिथल्या आंबेडकरी इंजिनिअरांनी ही लढाई उभी केली. म्हणजे संगणक शिकून गेलेली पोरे चळवळ विसरतातच असे नाही.

पैशाची बाजू सांगतो, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. जून २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अतुल कुमार या दलित विद्यार्थ्याची धनबाद आयआयटीतली जागा साडेसतरा हजार रुपये मुदतीत भरता न आल्याने गेली. बाप रोजंदारीवर काम करणारा. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला ती जागा परत मिळवून दिली, पण प्रत्येकाला दिल्ली गाठता येत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना आहे. वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. जात पडताळणीचा अर्ज विज्ञानाच्या मुलांनी कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच करायचा, निकालानंतर धावपळ करायची नाही. वडिलांच्या, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी गावी खेटे घालण्यात दोन-दोन महिने जातात. आणि बायफोकल हवा असेल तर अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच कॉलेजात त्याची वेगळी चौकशी करा, वर्ग सुरू झाल्यावर कोणी घेत नाही.

शिकण्याचे साहित्य फुकट आहे. पायथन फुकट, लिनक्स फुकट. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकता येतात. कमी आहे ती शेजारी बसून सांगणाऱ्या माणसाची. आपल्यातले किती इंजिनिअर हिंजवडीला आणि ऐरोलीला जातात, त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीला दिला तर?

आमच्या विहारात आम्ही एक जुना संगणक आणि एक फळा ठेवला आहे. रविवारी वंदनेनंतर दीड तास. पहिल्या रविवारी अकरा मुले आली, दुसऱ्या रविवारी सात. त्या दिवशी मी मतदार यादीचा खेळ फळ्यावर मांडला. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "पण काका, नावं अकारविल्हे लावलेलीच नसतील तर?"

मी म्हटले, मग आधी ती लावावी लागतील. कशी लावायची ते पुढच्या रविवारी.